दहावी गणिताची सराव परीक्षामाला : प्रश्नपत्रिका उत्तम, तपासणी बेभरवशाची

माझ्या भाचीची मुलगी यंदा दहावीला आहे आणि दिवाळीनंतर तिच्यासाठी आम्ही गणिताची एक सराव परीक्षामाला घेतली. भाग १ च्या (बीजगणित) पाच आणि भाग २ च्या (भूमिती) पाच अशा एकूण दहा प्रश्नपत्रिका, त्यांची तपासणी आणि प्रत्येकीची उत्तरसूची, असे सगळे मिळून १,८०० रुपये पडले. प्रश्नपत्रिका घरी येते, मुलीने घड्याळ लावून ती दोन तासांत सोडवायची, पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे आणि चार दिवसांत तपासलेली उत्तरपत्रिका परत मिळते. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते की तपासणी बोर्डाच्या अनुभवी परीक्षकांकडून, बोर्डाच्याच पद्धतीने होईल. मी स्वतः ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, त्यांतील बरीच वर्षे परीक्षक म्हणून आणि शेवटची काही वर्षे नियामक, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पुन्हा पाहणारा, म्हणून काम केले, त्यामुळे हे वाक्य मला नुसते वाचून पुढे जाता आले नाही. हा अभिप्राय मुख्यतः त्या एका वाक्याविषयी आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण शेजारपाजारच्या मुलांकडे आलेल्या आणखी दोन मालांच्या तपासलेल्या प्रती मी पाहिल्या आणि तेथील चित्रही फारसे निराळे नव्हते.

प्रथम जे चांगले आहे ते सांगते. प्रश्नपत्रिकांचा आराखडा बोर्डाच्या सध्याच्या आराखड्याशी तंतोतंत जुळतो : एकेका गुणाचे चार बहुपर्यायी आणि चार लघुप्रश्न, मग दोन गुणांच्या कृती आणि उदाहरणे, मग तीन गुणांची, मग चार गुणांच्या तीनपैकी दोन, आणि शेवटी थोडा विचार करायला लावणारा तीन गुणांचा प्रश्न, असे एकूण ४० गुण. बाजारातील अनेक संचांमध्ये पाठ्यपुस्तकातील उदाहरणांचे आकडे बदलून प्रश्न तयार केलेले असतात. येथे तसे वाटले नाही. अर्थनियोजनावरील एका प्रश्नात जीएसटीचे बिल देऊन त्यातील चूक शोधायला सांगितली होती, आणि अंकगणिती श्रेढीचा एक प्रश्न असा होता की सूत्र आठवण्याआधी मुलीला पाच मिनिटे कागदावर आकडे मांडत बसावे लागले. प्रश्न काढणाऱ्या व्यक्तीने वर्गात उभे राहून शिकवलेले आहे, हे लगेच कळते. भाग २ च्या प्रश्नपत्रिकेवर बोर्डाच्या सूचनाही जशाच्या तशा आहेत : रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात व त्या पुसू नयेत, प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक आहे, बहुपर्यायी प्रश्नात पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरला जाईल. या सूचनांचे पुढे काय झाले ते येईलच.

तपासलेली संपूर्ण प्रत परत मिळते, ही दुसरी चांगली गोष्ट. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. त्याआधीच्या पिढ्यांना निकालपत्रकावरील आकड्यापलीकडे काही दिसत नसे. आज बोर्डाकडेही छायाप्रत मागता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. तरीही कित्येक खाजगी मालांमध्ये अजून फक्त एकूण गुण आणि एखादे गुळगुळीत वाक्य, ‘छान प्रयत्न, सराव वाढवा’, एवढेच हाती पडते. या मालेत प्रत्येक पान लाल खुणांसह येते, कोठे किती गुण दिले ते दिसते आणि बेरजेचा तक्ता पहिल्या पानावर असतो. दहापैकी ज्या आठ उत्तरपत्रिका आजवर आल्या त्यांत बेरजेची चूक एकही नव्हती, आणि हजारो बेरजा पुन्हा तपासलेल्या माणसाला याची किंमत ठाऊक असते.

आता मूळ मुद्दा. गणिताची उत्तरपत्रिका तपासणे सोपे असते, उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक, असा सर्वसाधारण समज आहे. एक गुणाच्या प्रश्नापुरता तो खराही आहे. दोन गुणांच्या कृतीतही चार चौकटी आणि प्रत्येकी अर्धा गुण असे असल्यावर मतभेदाला वाव उरत नाही, आणि या मालेची तपासणी तेवढ्या भागात निर्दोष आहे. मतभेद सुरू होतो तो मुलाने वाटेत कोठेतरी पाय घसरू दिला पण पुढची वाट नीट चालला, तेव्हा.

पहिल्याच उत्तरपत्रिकेत असे झाले. वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना विवेचक, म्हणजे सूत्रातील वर्गमुळाखालची किंमत, ४९ वजा २४ म्हणजे २५ यायला हवा होता. नातीने चिन्हाची चूक केली आणि ४९ अधिक २४ म्हणजे ७३ लिहिले. त्यामुळे मुळे ३ आणि अर्धा अशी न येता करणीत राहिली. परंतु सूत्र बरोबर, किमती बरोबर घातलेल्या, आणि ७३ वरून पुढे केलेली सगळी आकडेमोड अचूक. तपासणाऱ्याने तीनपैकी अर्धा गुण दिला आणि शेरा लिहिला, ‘उत्तर चूक’. आम्हाला परीक्षक म्हणून जी गोष्ट पहिल्या वर्षीच घोटवली गेली ती ही की एका चुकीचे गुण एकदाच कापायचे. चूक जेथे झाली तेथील अर्धा किंवा एक गुण जाईल, आणि त्या चुकलेल्या किमतीवरून पुढचे काम रीतीने केले असेल तर त्याचे गुण मिळतील. अपवाद एकच : चुकीमुळे पुढचे काम मुळापेक्षा सोपे झाले असेल, तर तेवढे गुण कमी करावे लागतात. येथे तर ते अवघड झाले होते. इंग्लंडमधील शालान्त परीक्षांच्या गुणदान योजनेत पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण वेगळ्या अक्षरांनी दाखवलेले असतात आणि आधीच्या चुकीच्या उत्तरावरून पुढे केलेले काम कोठे ग्राह्य धरायचे तेही लिहिलेले असते. आमच्याकडे ती अक्षरे नव्हती, पण टप्प्याटप्प्याने गुण देण्याची योजना होती आणि तिचा अर्थ तोच होता.

मात्र हा तपासणारा कडक होता एवढे म्हणून मी थांबले असते, कारण कडकपणा हा स्वतः दोष नाही. सगळ्यांना सारखाच कडक असेल तर मुलांचा क्रम तोच राहतो. पण तिसऱ्या उत्तरपत्रिकेत अगदी तशाच चुकीला, दोन चलांतील समीकरणांच्या उदाहरणात निश्चयकाची किंमत चुकली असताना, तीनपैकी अडीच गुण मिळाले. तेव्हा मला शंका आली आणि मी एक गोष्ट करून पाहिली, जी नियमात बसते की नाही ते संस्थेने ठरवावे.

नातीच्या वर्गातील एका मुलानेही हीच माला घेतलेली आहे. भाग २ च्या एका प्रश्नपत्रिकेची उत्तरे मी स्वतः तयार केली, त्यांत ज्या चुका आणि ज्या पर्यायी रीती मुले खरोखर लिहितात त्या घातल्या, आणि दोघांना ती शब्दशः आपापल्या अक्षरात उतरवायला सांगितली. एकाची उत्तरपत्रिका सोमवारी गेली, दुसऱ्याची गुरुवारी. एकीला ४० पैकी ३१ गुण आले आणि दुसरीला साडेसत्तावीस. माझ्या हिशेबाने साडेतीस व्हायला हवे होते. पण माझा आकडा बाजूला ठेवला तरी हरकत नाही, कारण प्रश्न आहे तो त्या दोघांतील साडेतीन गुणांचा. शंभराच्या मापात ते जवळजवळ नऊ होतात.

फरक कोठे पडला ते पाहण्यासारखे आहे. ७ सेंमी त्रिज्या आणि १० सेंमी उंचीच्या वृत्तचितीचे घनफळ काढायचे होते आणि पायची किंमत कोणती घ्यावी ते प्रश्नात दिलेले नव्हते. बावीस सप्तमांश घेतले तर १५४० घन सेंमी येतात, ३.१४ घेतले तर १५३८.६. उत्तरसूचीत फक्त १५४० होते. आमच्या उत्तरात १५३८.६ होते. पहिल्या तपासणाऱ्याने दोनपैकी दोन दिले. दुसऱ्याने एक गुण कापून शेजारी १५४० असे लिहून ठेवले, जणू मुलाला भागाकार येत नव्हता. हा दोष मुलाचा तर नाहीच, पूर्णपणे तपासणाऱ्याचाही नाही. ज्याने उत्तरसूची लिहिली त्याने एक ओळ कमी लिहिली.

भूमितीमध्याच्या उदाहरणात मात्र तपासणाऱ्याचाच प्रश्न होता. काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेल्या लंबाने कर्णाचे ४ आणि ९ असे भाग केले, तर लंब ६ येतो. सूचीत भूमितीमध्याचे प्रमेय सांगून दोन ओळींत उत्तर दिले होते. आमच्या उत्तरात प्रमेयाचे नावच नव्हते. त्याऐवजी दोन लहान त्रिकोण को-को कसोटीने समरूप दाखवून, बाजूंचे प्रमाण मांडून ६ काढले होते, म्हणजे जे प्रमेय सूचीने गृहीत धरले ते येथे सिद्ध करून वापरले होते. वर्गात एखाद्या मुलाने असे केले असते तर मी त्याला फळ्याजवळ बोलावले असते. पहिल्या तपासणाऱ्याने तीनपैकी तीन गुण दिले. दुसऱ्याने एक, आणि शेरा, ‘प्रमेय लिहा’. एका प्रश्नात दोन गुणांचा फरक याच ठिकाणी पडला. सूची हातात धरून तपासणारा आणि गणित वाचून तपासणारा यांच्यातील हा फरक कोणत्याही सूचनेने पूर्णपणे बुजत नाही, पण ‘पर्यायी योग्य रीतीस पूर्ण गुण’ एवढी एक ओळ असती तर निम्मा तरी बुजला असता.

मनोऱ्याच्या उंचीच्या उदाहरणात एकक लिहिलेले नव्हते. एकाने अर्धा गुण कापला, दुसऱ्याने एक. यात फार काही सांगण्यासारखे नाही.

रचनेच्या प्रश्नावर मात्र थांबायला हवे, कारण तेथे अडचण माणसाची नसून फोटोची आहे. ३ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ, केंद्रापासून ५ सेंमी अंतरावरील बिंदू आणि त्यातून दोन स्पर्शिका काढायच्या होत्या; स्पर्शिकेची लांबी ४ सेंमी येते. दोन्ही मुलांच्या वह्यांवर मी पट्टी ठेवून पाहिली, एकीची ४ आली आणि दुसऱ्याची ३.९, आणि एखाद्या मिलिमीटरचा फरक कोणताही समंजस परीक्षक सोडून देतो. पण तपासणाऱ्यासमोर वही नसते. त्याच्यासमोर असतो तो किंचित तिरक्या धरलेल्या मोबाइलमधून आलेला फोटो, ज्यात वर्तुळ थोडे लंबगोल झालेले असते आणि ज्याचे प्रमाण पडद्याच्या आकारावर ठरते. तरीही दुसऱ्या मुलाच्या उत्तरावर ‘माप चुकले’ असा शेरा मारून एक गुण कापला आहे. कशाने मोजले, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. फोटोवरून तपासायचे असेल तर कंसांच्या खुणा, लंबदुभाजक, जोडलेल्या त्रिज्या आणि नावे एवढेच पाहता येते, आणि मोजमापाचे गुण एक तर सर्वांना द्यावेत किंवा मुलाकडून पट्टी ठेवून काढलेला फोटो मागवावा.

एका ठिकाणी उलटे झाले. प्रमेयाच्या सिद्धतेत मी मुद्दाम आकृती काढू दिली नव्हती. प्रश्नपत्रिकेवरच आकृती आवश्यक असल्याची सूचना आहे. जो तपासणारा बाकी सर्वत्र उदार होता त्याने येथे एक गुण कापला, आणि जो बाकी सर्वत्र कापत होता त्याने पूर्ण गुण दिले. म्हणजे एक सैल आणि एक कडक, एवढे सरळ हे प्रकरण नव्हते. तसे असते तर दुसऱ्याच्या गुणांत ठरावीक भर घालून काम भागले असते.

हे नवे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांविषयी असा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा लोक म्हणाले की भाषेत असे होणारच, गणितात होणार नाही. १९१३ मध्ये त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी शंभरपैकी तिसाच्याही खाली गुण दिले आणि कोणी नव्वदच्या वर. उत्तरापर्यंत जाण्याची रीत, नीटनेटकेपणा, मांडणी यांना किती वजन द्यायचे हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते. त्या शिक्षकांपैकी कोणी निष्काळजी होता असे नव्हे. त्यांना एकमेकांशी बोलायला कोणी बसवले नव्हते, एवढेच.

‘बोर्डाची पद्धत’ या शब्दांचा अर्थ माझ्या लेखी हाच परीक्षकांना एकत्र बसवण्याचा भाग आहे. परीक्षकाकडे गठ्ठा येण्याआधी गुणदान योजनेवर बैठक होते. मुलांनी कोणत्या अनपेक्षित रीती वापरल्या आहेत, कोठे अर्धा आणि कोठे एक, हे तेथे बोलले जाते. उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव दिसत नाही. तपासलेल्या गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो, फरक दिसला तर परीक्षकाला बोलावून विचारतो, आणि नियामकाच्या वरही मुख्य नियामक असतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात थकवा आहे, घाई आहे, दुपारच्या चहानंतरचा गठ्ठा सकाळच्या गठ्ठ्यापेक्षा थोडा निराळा तपासला जातो हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणूनच मी शाळेच्या परीक्षांत नेहमी एकेक प्रश्न घेऊन सर्व मुलांचा तो प्रश्न एकत्र तपासत असे, म्हणजे चौथ्या प्रश्नाला लावलेले माप पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत तेच राही, आणि आधीच्या उत्तरांवरून मुलाविषयी बनलेले मत पुढच्या उत्तरावर सांडत नसे. या मालेत तपासणारा आहे, सूची आहे, पण नियामक नाही. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर तपासणी पूर्ण झाल्याची वेळ छापून येते, आणि आमच्या आठांपैकी पाचांवर ती रात्री अकरानंतरची आहे. दिवसभर कोठेतरी शिकवून आलेली एकटी व्यक्ती पडद्यासमोर बसून हे काम करत असावी. तिला किती पैसे मिळतात हेही कोणी विचारायला हवे.

दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून मी संस्थेला सविस्तर पत्र पाठवले. दोन दिवसांनी फोन आला. बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, मग दुसऱ्या उत्तरपत्रिकेत किती गुण वाढवून देऊ?” मी म्हटले, “वाढवून नकोत, कोणत्या नियमाने तपासले ते सांगा.” थोड्या वेळाने तिने सांगितले की सद्भावना म्हणून दोघांनाही चौतीस करता येतील. तिचा दोष नाही. तिच्याकडे गुण वाढवण्याची सोय होती, तपासणाऱ्याला प्रश्न विचारण्याची नव्हती. पण नातीने फोन ठेवल्यावर मला विचारले, “मावशीआजी, मग आधीच्या प्रश्नपत्रिकेत मला मिळालेले चौतीस कसले होते?” आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

घ्यावी की नाही, असे कोणी विचारले तर मी सांगेन की प्रश्नपत्रिकांसाठी अवश्य घ्यावी, त्यासाठी १,८०० रुपये जास्त नाहीत. भाग १ ची तपासणी बऱ्यापैकी चालते, कारण तेथे सूचीतील रीत सोडून मुले फारशी भटकत नाहीत. भाग २ ची उत्तरपत्रिका शाळेतील बाईंना किंवा सरांना दाखवून घ्यावी, आणि रचनेचे गुण मालेतून आलेले धरूच नयेत. एकूण गुणांचा आलेख काढून मुलाची प्रगती मोजू नये. ३१ वरून साडेसत्तावीस झाले तर मूल घसरले की तपासणारा बदलला, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. त्याऐवजी कोणत्या प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होते एवढे वहीत उतरवावे. पाचपैकी तीन तारे देते. प्रश्न काढणाऱ्याला वेगळे देता आले असते तर साडेचार दिले असते.

गेल्या आठवड्यात नववी प्रश्नपत्रिका आली. तिच्या उत्तरसूचीच्या तळाशी आधीच्या आठांत नसलेली एक ओळ छापलेली आहे : पायची किंमत दिलेली नसल्यास बावीस सप्तमांश किंवा ३.१४ घेऊन आलेली दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. पर्यायी रीतीविषयी अजून काही नाही. नववीची तपासलेली प्रत आणि दहावी प्रश्नपत्रिका यायची आहेत; त्या पाहून तारे बदलावे लागले तर बदलेन.